हर्नियाची जाळी निवडताना

हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेला आधार म्हणून कोणती जाळी वापरायची, हा निर्णय अखेर शल्यचिकित्सकाचाच असतो. तरीही शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत रुग्णाने सर्वांत आधी एक प्रश्न विचारावा : ही जाळी आतड्याला टेकणार आहे का?

जांघेच्या हर्नियात चिरा घेऊन केलेल्या लिक्टेनस्टाइन पद्धतीत जाळी पोटाच्या भिंतीच्या थरांमध्ये बसते आणि दुर्बिणीने केल्यास ती पोटाच्या अस्तराबाहेर राहते. अशा जागी पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची साधी जाळी पुरते. तीच जाळी पोटाच्या पोकळीत उघडी राहिली, तर आतडे तिला चिकटते. म्हणून जुन्या टाक्यांच्या जागी झालेल्या हर्नियाला आतून जाळी लावायची असल्यास आतड्याकडच्या बाजूस चिकटरोधक थर असलेली जाळी लागते. ती बरीच महाग असते, पण येथे काटकसर करू नये.

त्यानंतर छिद्रे पाहावीत. ती नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढी, म्हणजे १ मिलिमीटरहून मोठी असावीत. जंतू जेमतेम १ मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे) असतात, तर त्यांना गिळणाऱ्या पेशींना आत शिरायला सुमारे ७५ मायक्रॉनची वाट लागते. अतिसूक्ष्म छिद्रांच्या पीटीएफई (टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक) जाळीत संसर्ग झाल्यास ती बहुधा काढावीच लागते, ती यामुळेच.

हलकी जाळी म्हणजे चांगली जाळी, असेही समजू नये. चौरस मीटरला ३५ ते ५० ग्रॅम वजनाच्या जाळीने आत काहीतरी टोचल्याची भावना कमी होऊ शकते, परंतु भिंतीतील भगदाड मोठे असेल तर ती त्यात फुगून हर्निया परत येण्याची भीती असते. आकारही पुरेसा हवा : जांघेच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत किमान १० बाय १५ सेंटिमीटर.

जाळी महाग म्हणजे चांगली असेही नसते, हे धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले, तेव्हाच दिसले होते (घरची मच्छरदाणी अर्थातच नव्हे). युगांडात ३०२ पुरुषांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही तशी स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीची ठरली.

काही जैविक जाळ्या डुकराच्या कातडीपासून बनतात. धार्मिक अडचण असल्यास ती आधीच सांगावी. शस्त्रक्रियेनंतर जाळीच्या खोक्यावरील स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावा, कारण पुढे त्याच जागी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर आत नेमके काय बसवले आहे हे नव्या डॉक्टरांना त्यावरूनच कळते.