गोदाकाठाने पैठणपर्यंत: पाणी कुणाच्या नावावर आहे ते कसं बघायचं

आमचं शेत गंगापूर तालुक्यात, नांदूर मधमेश्वर जलद कालव्याच्या एका चारीच्या अगदी शेपटाला. आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाळीचं पाणी, सुटल्याची बातमी आधी पेपरात येते, पाणी मागून, आणि कधी कधी येतच नाही. म्हणून आमच्या पाणी वापर संस्थेत (कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांची संस्था) नव्याने आलेल्या पोरापोरींना मी नाशिकपासून गोदावरी नदी दाखवायला नेते. तुम्हालाही जायचं असेल तर असं जा.

15 ऑक्टोबर उलटला की निघा. पावसाळ्यात नदी सगळ्यांचीच असते. रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, हे पाऊस थांबल्यावरच कळतं. या तारखेला कायद्यातही वजन आहे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातली तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची असं ठरवलं. त्यावरून 2014 चा आदेश निघाला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा, म्हणजे पैठणच्या धरणाचा, उपयुक्त साठा, खरिपाचा वापर धरून, 65 टक्क्यांच्या आत असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. 2016 मध्ये उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. आदेश छापून पिशवीत ठेवा, वाटेत दहा जण विचारतील.

नावेचा विचार सोडा. नांदूर मधमेश्वरच्या खाली बरेच महिने पात्रात सलग पाणी नसतं, बंधाऱ्यांमागे डोह तेवढे असतात. मोटारसायकल किंवा जीप बरी.

सुरुवात त्र्यंबकेश्वरला न करता नाशिकजवळच्या गंगापूर धरणापासून (आमच्या तालुक्याशी फक्त नाव सारखं) करा, कारण नदीचा हिशोब तिथे सुरू होतो. पिण्याचं आरक्षण किती, उद्योगांना किती, शेतीला किती, हे तिन्ही आकडे वहीत वेगवेगळे लिहा. आणि एक गणित पाठ करा: साडेअकरा हजार क्युसेकचा (सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग दिवसभर, म्हणजे चोवीस तास, चालला की साधारण एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाणी होतं. पेपरात ‘दोन हजार क्युसेकने पाणी सोडलं’ असं वाचलं की मग तुम्ही हुरळून जाणार नाही.

नांदूर मधमेश्वरला अर्धा दिवस द्या. इथे गोदावरी-कादवेचा संगम आहे, इंग्रजी अमदानीतला बंधारा आहे. 2020 मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ म्हणून हे जाहीर झालं, त्यामुळे लोक दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला येतात. पक्षी बघाच, पण कालव्यांच्या दारांपाशी जास्त वेळ थांबा. डावा आणि उजवा कालवा कोपरगाव, राहात्याकडे निघतात. आमचा जलद कालवा वैजापूर-गंगापूरकडे. नदी इथे वाटली जाते. कुठलं दार किती उघडं आहे, पाटकऱ्याला (कालव्याची दारं सांभाळणाऱ्याला) अदबीने विचारा. बहुतेक पाटकरी सांगतात, त्यांनाही कुणी विचारलेलं बरं वाटतं.

वरच्या भागातल्या शेतकऱ्याशी भांडायला जाऊ नका. त्याचे आजोबा याच पाटावर उभे राहिले, घरात उसाच्या ब्लॉकची (ठरावीक क्षेत्राला उसासाठी कालव्याचं पाणी देण्याची) जुनी मंजुरी जपून ठेवलेली असते. ‘दादा, कागद बघू का?’ एवढंच म्हणा. त्याचा हक्क खरा आहे. आमचाही खरा आहे. दोन्ही कागद एकाच पाण्यावर लिहिले गेलेत, ही खरी अडचण, आणि ती शिव्या देऊन सुटत नाही.

कोपरगाव, पुणतांब्याच्या पट्ट्यात कोल्हापूर पद्धतीचे, फळ्या लावून पाणी अडवणारे बंधारे बघा. जायकवाडीला पाणी सोडायचं ठरलं की फळ्या काढाव्या लागतात आणि काठावरच्या मोटारींची वीज तोडली जाते. 2023 मध्ये 8.6 टीएमसीचा आदेश 30 ऑक्टोबरला निघाला, पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. कोरडं पात्र आधी आपली तहान भागवतं, मगच पाणी पुढे सरकतं. उशिराने सोडलेलं पाणी म्हणजे कमी पोचलेलं पाणी, हे या पट्ट्यात चालताना पायांना कळतं.

टोका गावाला गोदावरीला प्रवरा मिळते. मुळा नदीचं पाणीही तिच्यातूनच येतं. म्हणजे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा हिशोब इथे जोडायचा.

पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, बघून डोळे फसतात. एकूण साठा 102 टीएमसीच्या पुढे, पण त्यातला 26 टीएमसी मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी. टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, म्हणून शून्य टक्के लिहिलं तरी समोर पाणी दिसतं. कुणी टक्के सांगितले की ‘कशाचे?’ असं विचारायची सवय लावा. याच जलाशयातून पाणी घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात वर्षानुवर्षं नळाला कित्येक दिवसांआड पाणी आलं आहे, तेही वहीत लिहा.

वेळ उरला तर नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावरच्या पाणी वापर संस्था बघायला ओझरकडे वळा. तिथे आधी शेपटाला पाणी, मग डोक्याला. आमच्या पोरांना सगळ्यात जास्त हेच पटतं.

घरी आल्यावर नमुना नंबर 7 चा पाणी अर्ज मुदतीत भरा, थकबाकी असेल तर आधी तिचं बोला, आणि शाखा कार्यालयाची तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. शेजपाळीत, म्हणजे पाणी देण्याच्या क्रमात, तुमचं नाव कितवं आहे ते लेखी मागा. नाही दिलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका.