फायरवॉलमध्ये दिसणारा डेटा खरा किती? एककांची दुरुस्ती कशी तपासावी

देवबागला ताईचं सहा खोल्यांचं निवास-न्याहारी आहे. तिथलं इंटरनेट आणि फायरवॉल, म्हणजे आत-बाहेर जाणारी इंटरनेटची सगळी रहदारी तपासणारी पेटी, मी बघतो. नाताळच्या गर्दीत एका रात्री फायरवॉलच्या पानावर एकाच खोलीपुढे ४० जीबी दिसले. "येवढो डेटा कोणी खाल्ल्यान रे?" ताईने विचारलं, आणि भावोजी त्या खोलीतल्या पाहुण्यांशी बोलायला निघालेही. खरा वापर होता ५ जीबी. मोजलेले होते बिट आणि पाटी लागली होती बाइटची. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आकडा नेमका आठपट. पाहुण्यांवर आळ येता येता राहिला.

पुढे या चुकीवर पॅच, म्हणजे प्रोग्राममधली दुरुस्ती, आला. पण पान नीट दिसतंय म्हणून मोजमाप बरोबर झालं असं मानता येत नाही. पाच डझन लिहिलेल्या पेटीत चार डझन हापूस निघाले, तर पेटीवरचं अक्षर कितीही सुबक असलं तरी उपयोग काय? म्हणून असा पॅच कसा तपासायचा ते सविस्तर लिहितो.

आधी एककं पक्की करा

एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट. एक गिबीबाइट म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट, म्हणजे १०२४ चा तीनदा गुणाकार. हा घोळ मिटावा म्हणून किबी, मेबी, गिबी ही वेगळी नावं १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने ठरवून दिली. तरीही भागायचं १०२४ ने आणि लिहायचं 'जीबी', असं करणारे प्रोग्राम आजही भरपूर आहेत. गिगाला हा फरक साडेसात टक्क्यांच्या आसपास, टेराला जवळपास दहा टक्के. वेग मात्र बिटांत आणि हजाराच्या पटीत मोजतात: १०० मेगाबिटची लाइन म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट.

पॅच यातलं नेमकं काय बदलतो, ते बसवण्याआधी कागदावर लिहा. पाटी बदलते, भागाकार बदलतो, की दोन्ही?

तयारी

सेटिंगचा बॅकअप घेऊन तो फायरवॉलच्या बाहेर ठेवा. जमलं तर जुन्या संगणकावर किंवा व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातल्या आभासी संगणकावर) फायरवॉलची तीच आवृत्ती चढवून तिथे तपासा. फायरवॉल एकच असेल तर पाहुणे उठायच्या आधीची पहाट बरी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे यूपीएस भरलेला असल्याशिवाय मी पॅचला हात लावत नाही.

चूक आधी स्वतः घडवून बघा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच. चूक तुमच्याकडे दिसलीच नसेल, तर ती गेली हे कशावरून म्हणणार?

पानाशी ताडून बघायला कच्चा आकडा लागतो. ओपीएनसेन्स आणि पीएफसेन्स हे फायरवॉलचे दोन्ही प्रोग्राम फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. तिथे नेटस्टॅट या आज्ञेला आय, बी, एन हे पर्याय जोडले की प्रत्येक पोर्टवरून आत आलेले आणि बाहेर गेलेले बाइट दिसतात: सरळ आकडे, भागाकार नाही की एकक नाही. पाहुण्याने उतरवलेला डेटा लॅन (घरातल्या बाजूच्या) पोर्टच्या 'बाहेर गेलेल्या' रकान्यात मोजला जातो, हे विसरू नका.

आता लिनक्सवर डीडी ही आज्ञा वापरून १०,४८,५७६ बाइटचे १०२४ तुकडे जोडा. नेमक्या एका गिबीबाइटची फाइल तयार होते. ती एका पोर्टवरच्या संगणकावर ठेवा आणि दुसऱ्या पोर्टवरच्या लॅपटॉपवर उतरवून घ्या. दोन्ही एकाच स्विचवर लावलेत तर फाइल फायरवॉलला न शिवताच पोचेल. उतरवण्याआधीचा आणि नंतरचा कच्चा आकडा टिपा आणि वजाबाकी करा.

वजाबाकी फाइलपेक्षा मोठी येईल. डेटा पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जातो आणि प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर पत्त्याचा मजकूर असतो. १४४८ बाइट माल न्यायला १५१४ बाइट खर्ची पडतात, म्हणजे साधारण साडेचार टक्के जास्त. आपल्या फाइलला ११२ कोटी २७ लाखांच्या आसपास बाइट लागतील. योग्य पान १.१२ गिगाबाइट किंवा १.०५ गिबीबाइट दाखवेल. '१.०५ जीबी' दिसलं तर पाटी चुकीची आहे.

म्हणूनच पानावरचा आकडा फाइलच्या आकाराशी ताडू नका, कच्च्या वजाबाकीशी ताडा. मी पहिल्यांदा १०० कोटी बाइटची फाइल घेतली होती. पानावर ०.९७ जीबी आलं आणि मला ते 'जवळपास बरोबर' वाटलं. खरं उत्तर १.०५ होतं. पॅकेटचा वाढीव भार आणि १०२४ चा चुकीचा भागाकार यांनी एकमेकांना झाकलं होतं.

पॅच बसवून तेच पुन्हा

ओपीएनसेन्समध्ये यासाठी ओपीएनसेन्स-पॅच ही आज्ञा आहे. बदलाचा क्रमांक देऊन ती चालवायची, आणि तीच पुन्हा चालवली की बदल मागे फिरतो. पीएफसेन्समध्ये सिस्टम पॅचेस हे पॅकेज आहे. बसवल्यावर ब्राउझरची कॅशे, म्हणजे त्याने साठवून ठेवलेल्या जुन्या फाइली, पुसा. आकड्यांची मांडणी बऱ्याचदा ब्राउझरमधली स्क्रिप्ट करते, आणि जुनी स्क्रिप्ट साठलेली असेल तर पॅच चाललाच नाही असं वाटतं.

वेग तपासायला फायरवॉलमधल्या शेपरने (वेगाला लगाम घालणाऱ्या सोयीने) लॅपटॉपला ८ मेगाबिटची मर्यादा घाला. आलेख ८ मेगाबिट किंवा १ मेगाबाइटच्या जवळ स्थिरावला पाहिजे. ७.६ वर अडकला तर आत कुठेतरी अजून १०२४ ने भागलं जातंय. ६४ किंवा १ मेगाबिट दिसलं तर आठाचा गुणाकार एकदा जास्त झालाय किंवा उलटा लागलाय.

मग कोपरे धुंडाळा. शून्य वापर असलेली खोली कशी दिसते? ९९९ वरून १००० वर जाताना एकक बदलतं का? चार गिबीबाइटच्या पुढे आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही ना? आणि तक्ता वापराप्रमाणे लावून बघा: ९०० मेगाबाइट २ गिगाबाइटच्या वर बसलं तर क्रम आकड्यांवरून नाही, अक्षरांवरून लागतोय. मुख्य पानावरचा छोटा आलेख, माउस नेल्यावर उमटणारी चौकट आणि मेलने येणारा अहवाल हे तिन्ही एकच उत्तर देतात का तेही बघा. आमच्याकडे मोठं पान सुधारलं होतं, माउसखालची चौकट मात्र जुनंच सांगत होती.

जे सापडेल ते पॅच लिहिणाऱ्यांना कळवा, आणि काहीच सापडलं नाही तरी कळवा. आवृत्ती, ब्राउझर, आधीचा-नंतरचा कच्चा आकडा आणि दोन स्क्रीनशॉट एवढं पुरतं. पुढच्या अपडेटमध्ये ही दुरुस्ती नसेल तर ती पुसली जाते, म्हणून अपडेटनंतर तीच फाइल पुन्हा एकदा उतरवून बघा. मी ती ताईच्या काउंटरमागच्या संगणकावर ठेवून दिली आहे.