ऑटिझम कळल्यावर आधी काय करावं: माझ्या वहीतून

आमच्या बाबूला ऑटिझम आहे हे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात कळलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता. फोंड्याला परतताना कदंब बसमध्ये मी फाइल पिशवीच्या तळाशी घातली आणि वर तांबडी भाजी ठेवली. कोणाला दिसू नये म्हणून.

पहिले चार दिवस रडून घ्या, पण मोबाइलवर उपाय शोधू नका. ‘स्टेम सेलनं मूल बरं होतं’ म्हणणारे नेमके तेव्हाच गाठतात. तसं कुठंही सिद्ध झालेलं नाही. मीही एका ठिकाणी आगाऊ पैसे भरून बसले होते, ते गेले ते गेलेच.

मग शंभर पानी वही आणा. मूल कशानं बिथरतं आणि कशानं निवतं, एवढंच वेळेसकट लिहा. आमचं रोज सकाळी सातचं रडणं हट्टाचं नव्हतं, पदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याचं होतं, हे वहीनंच दाखवलं. आता फाटकाला पिशवी टांगलेली असते. पदेर आमच्या वळणावर भोंगा दाबतच नाही, सहा पाव टाकून पुढं जातो.

स्पीच थेरपी आठवड्याला दोन तास. बाकीचे दिवस आपलेच. गोव्यातल्या संगथ संस्थेचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात आईबापांना मुलाबरोबरच्या खेळाचे त्यांचेच व्हिडिओ दाखवून शिकवलं होतं. मी घरी तेच केलं, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून. रात्री बघितलं तर मीच अखंड बडबडतेय: ‘झाकण! म्हण, झाकण!’ आणि बाबू पाठ फिरवून डब्याचं झाकण गरगर फिरवतोय.

दुसऱ्या दिवसापासून तोंड बंद. त्याच्याशेजारी फतकल मारून मीही एक झाकण फिरवायचे. ते घरंगळत त्याच्याकडे गेलं की उचलायचं नाही, मनात दहा मोजायचे. सहाव्या दिवशी त्यानं ते माझ्याकडे ढकललं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कोण जाणे, डाळ करपली.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण लवकर उरका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. आधी अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. बहुतेक सवलतींना दाखल्यावर किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. सरकारचा निरामय आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा, थेरपीचा खर्चही त्यात बसतो, म्हणून प्रत्येक पावती जपा.

नातेवाईकांचं काय? चवथीला मूळ घरी जायचं तर आरतीच्या बरंच आधी पोचा. मुलाला माटोळीखाली, गणपतीच्या वर टांगलेल्या फळांच्या मांडवाखाली, बसून फळं बघू द्या. आरतीला वाजवायची घुमटं, ती मातीची वाद्यं, बाहेर निघाली की कानांवर हेडफोन आणि थेट मागीलदारी. राजांगणात, घरामधल्या चौकात, थांबू नका, तिथं आवाज घुमतो. आत्या म्हणतील, देवाला गाऱ्हाणं घाला. घाला, मीही घातलं. थेरपीचा दिवस तेवढा चुकवू नका.

आणि स्वतःसाठी वेळ ठरवून घ्या. रविवारी तीन ते पाच बाबू बापाकडे असतो, मी घरात नसते. बहुतेक वेळा देवळाच्या तळीकाठी नुसती बसते. सासूबाई आधी म्हणायच्या, ‘आई असून?’ आता पावणेतीन झाले की त्याच विचारतात, ‘अजून गेली नाहीस?’