बोर्डाचा आदेश आला, मुलगा यायचाय: मधल्या दिवसांतली तयारी

बाल न्याय मंडळाने, म्हणजे बोर्डाने, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या एखाद्या मुलाला समाजसेवेचा आदेश दिला आणि देखरेखीसाठी तुमच्या संस्थेचं नाव घातलं, तर आधी आदेशाची प्रत मिळवा आणि ती शांतपणे वाचा. कोल्हापुरात ‘पाठवा पोराला, बघतो आम्ही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि मनापासून म्हणतात. पण एकूण तास किती, कुठल्या तारखेपर्यंत पूर्ण करायचे, अहवाल कुणाच्या नावाने आणि कधी द्यायचा, हे आदेशात आहे का ते बघायचं राहून जातं. नसेल तर परिविक्षा अधिकाऱ्यांकडून, म्हणजे सगळे ज्यांना पीओ म्हणतात त्यांच्याकडून, लेखी घ्या. तोंडी ठरलेलं पुढच्या तारखेला कुणाच्याच लक्षात नसतं आणि बोर्डासमोर उभा असतो तो मुलगा.

आदेश वाचताना एक गोष्ट बघाच: चौकशी संपली आहे की अजून चालू आहे? बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १८ खाली समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडणं असे आदेश होतात ते चौकशीनंतर. त्याआधी मूल बहुतेक वेळा जामिनावर घरी असतं, आणि कायद्याच्या नजरेत ते निर्दोषच असतं. त्या काळात शाळा, समुपदेशन, खेळ अशी मदत जरूर जोडून द्यावी, पण शिक्षेसारखं काहीही त्याच्या माथी मारू नये. चौकशी बोर्डासमोर पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढवून मिळतात. चार-सहा महिने आपल्याला थोडे वाटतात. दहावीतल्या मुलाचं त्यात वर्ष जातं.

मग फोन नंबरांचा कागद करा. एकच कागद, आणि तो सांभाळणारा माणूसही एकच. त्यावर पीओ, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, मुलाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचे बाल कल्याण पोलीस अधिकारी, सीपीआरचा, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाचा, मानसोपचार विभाग, मुलाच्या शाळेतले एक शिक्षक, आणि मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. प्रत्येक नावापुढे कुठल्या कामासाठी फोन करायचा ते लिहा. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरण, घरात मारहाण असेल तर संरक्षण कक्ष, हजेरीचा प्रश्न असेल तर पीओ. हे लिहिलेलं नसलं की सगळे फोन पीओंकडेच जातात. त्यांच्याकडे आधीच ढीगभर प्रकरणं. मूल पकडल्याची खबर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल त्यांनीच द्यायचा, घरभेटी त्यांच्याच. तुमच्या बाजूनेही बोलणारा एकच ठेवा. अध्यक्षांनी एक सांगायचं, सचिवांनी दुसरं आणि देखरेख करणाऱ्या मावशींनी तिसरं, असं झालं की आई-बाप गोंधळतात आणि पोरगं त्यातून पळवाट काढतं. पोरं हुशार असतात.

आता जागा आणि काम. सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. २०१६ च्या आदर्श नियमांत समाजसेवा चौदा वर्षांवरच्या मुलांसाठी सांगितली आहे आणि उदाहरणंही दिली आहेत: बागेची निगा, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत, अपंग मुलांसाठी काम, वाहतूक स्वयंसेवक. यादी चांगली आहे, पण ती कोल्हापूरच्या नकाशावर ठेवून बघा. वाहतूक स्वयंसेवक म्हणून पोराला बिंदू चौकात उभं केलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला कळतं. शिवाय समोर कारागृहाची भिंत. वर कुणीतरी मोबाईल काढून व्हिडिओ करणार. मी तरी हे काम सुचवणार नाही.

पेठेचा विचार तर करावाच लागतो. स्टेटसवरून किंवा फुटबॉलच्या सामन्यावरून मारामारी झालेली असेल, तर ज्या तालमीच्या पोरांशी भांडण झालं त्यांच्या गल्लीतून मुलाला रोज जावं लागेल असं ठिकाण देऊ नका. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला ही सीमा कागदावर दिसत नाही, शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत वाढलेल्याला डोळे मिटून दिसते. ही माहिती पीओंना आपणहून द्या. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असेल त्या दिवशी आणि गणपतीच्या शेवटच्या दोन दिवसांत काम ठेवायचं की नाही, हेही आधीच ठरवा. माझं मत विचाराल तर ठेवावं, आणि दुपारनंतरचं ठेवावं. गर्दी, डॉल्बी आणि जुने दोस्त एकत्र येतात त्या वेळी मुलगा वृद्धाश्रमात जेवणाची ताटं लावत असला तर बरंच.

काम मुलाला जमेल असं हवं आणि त्याचा उपयोग त्याला दिसायला हवा. झाडाला पाणी घालणं ठीक आहे, पण वृद्धाश्रमातल्या आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवणं, ग्रंथालयात पुस्तकं लावणं, दिव्यांग मुलांच्या खेळाच्या तासाला मदत करणं यात समोर माणूस असतो. संडास धुवायला लावून ‘धडा शिकवायचा’ विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो बैठकीतच काढून टाका. आणि ‘हाताला काम लागेल’ म्हणून उद्यमनगरातल्या किंवा शिरोलीच्या फौंड्रीत पाठवायची सूचना हमखास येते, तिला ठाम नकार द्या. अठराच्या आतल्या मुलाला धोकादायक कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. समाजसेवा म्हणजे फुकटचा मजूरही नव्हे.

मुलगी असेल तर ठिकाणी कायम बाई हजर असेल याची खात्री करा. दोन मुलं एकाच प्रकरणातली असतील तर ठिकाणं वेगळी, वेळाही वेगळ्या.

जागा ठरली की तिथल्या माणसांना तयार करायचं. हे काम पत्राने होत नाही, जाऊन बसावं लागतं. सगळ्यांना सगळं सांगू नका. देखरेख करणाऱ्याला मुलाचं नाव, वय, वेळ, काम, आजार असेल तर औषध, आणि कुणाला फोन करायचा, एवढं पुरे. काय गुन्हा दाखल आहे हे त्याला कळायची गरज नाही. आणि प्रश्न येणारच. स्वयंपाकघरातल्या मावशी पहिल्याच दिवशी विचारतात, ‘ह्यानं काय केलंय म्हणं?’ उत्तर आधीच ठरवून ठेवा: ‘मावशी, मदतीला आलाय. त्याला काय येतंय, काय नाही, तेवढं तुम्ही बघा.’ मुलालाही त्याचं उत्तर तयार करून द्या, कारण त्याला एकट्याला गाठून विचारलं जाईल. ‘स्वयंसेवक म्हणून येतोय’ हे खोटं नाही.

मुलगा यायच्या आधी त्या देखरेख करणाऱ्याची आणि मुलाच्या पालकांची एकदा समोरासमोर भेट घाला, पीओंनाही बोलवा. त्या भेटीत आई बहुतेक वेळा हात जोडून म्हणते, ‘साहेब, एकदा सुधारा ओ ह्याला.’ तिला पाणी द्या, बसवा आणि तिच्याशी कामाच्या गोष्टी बोला. मुलगा किती वाजता उठतो, घरात जेवण कधी होतं, शाळेची वेळ काय, कुणाचं ऐकतो. बऱ्याचदा ऐकणारा माणूस मामा किंवा वस्ताद निघतो. त्याला कागदावर घ्या. घराबद्दल पीओ जे लिहितात त्यात ही माणसं नेहमी उतरतातच असं नाही.

हजेरीची वही साधी, रेघा मारलेली. तारीख, आला, गेला, काय केलं, सही. ‘काय केलं’ या रकान्यात ‘काम केले’ असं लिहू देऊ नका. ‘दोन आजोबांना चालायला नेलं, भांडी पुसली’ असं लिहा. अशा पंधरा-वीस ओळींवरून बोर्डाला जे कळतं ते ‘वर्तन समाधानकारक’ या शिक्क्यावरून कळत नाही. वहीच्या कव्हरवर बोर्डाचं किंवा प्रकरणाचं नाव, नंबर काहीही नको. इतर स्वयंसेवकांची असते तशीच वही, शक्यतो त्यातलंच एक पान.

फोटोचं आधीच सांगून ठेवा. संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उपक्रमाचे फोटो टाकायची आपल्याकडे हौस असते आणि देणगीदारांच्या अहवालातही चेहरे लागतात. या मुलाचा चेहरा, नाव, पत्ता, शाळा यातलं काहीही कुठेही जाता कामा नये. अधिनियमाच्या कलम ७४ खाली ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पत्रकार ओळखीचे असले तरी तोच नियम. ‘चांगली बातमी आहे, लोकांना कळू दे’ असं म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

कागदांची पिशवी घरच्यांकडूनच भरून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोनाफाईड, जन्मदाखला, मार्कशीट, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक. वयाचा प्रश्न निघाला तर कलम ९४ प्रमाणे शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी बघतात, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड त्या यादीत नाही, त्यामुळे ‘आधार आहे की’ यावर भागत नाही. शाळा सुटलेली असेल तर दहावी-बारावीला बाहेरून बसण्याच्या सतरा नंबरच्या फॉर्मची शेवटची तारीख आत्ताच शाळेत विचारून ठेवा. तारीख गेली की वर्ष गेलं. आयटीआयचे प्रवेश ऑनलाइन होतात, त्याचंही वेळापत्रक काढून ठेवा. इथलं आयटीआय कळंबा रस्त्याला आहे, त्यामुळे घरी सांगताना मात्र जपून. ‘पोराला कळंब्याला पाठवायचं बघतोय’ एवढंच ऐकलं तर आईचा जीव वर जातो, कारण कळंबा म्हटलं की इथे आधी जेल आठवतो. ‘आयटीआयला’ म्हणा.

जाण्या-येण्याचं गणित कागदावर मांडा. शहरातल्या मुलाला केएमटी आहे, पण शेवटची बस किती वाजता ते बघा. मुलगा चंदगड, आजरा किंवा गगनबावड्याचा असेल तर त्याला शहरात बोलावणं म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं दोन्ही घालवणं. चंदगड शंभराहून जास्त किलोमीटर लांब. अशा वेळी गडहिंग्लजला किंवा गावाजवळच एखादी संस्था, ग्रामीण रुग्णालय किंवा वाचनालय सुचवा आणि ते बोर्डाकडून नोंदवून घ्या, कारण देखरेख कुणी करायची हे बोर्ड ठरवतं, आपण नाही. बोर्डाच्या तारखेला बाप आला तर त्याचा खाडा होतो, हेही लक्षात असू द्या. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या बापाला आठवडाभर आधी तारीख कळवली तर तो पाळी बदलून घेऊ शकतो. आदल्या रात्री कळवली तर येत नाही, आणि मग कागदावर ‘पालकांचे सहकार्य नाही’ अशी ओळ उमटते.

व्यसनाचा विषय असेल तर त्याची सोय आधी लावा आणि मग तास मोजायला घ्या. गुटखा, गांजा, नशेच्या गोळ्या यातलं काय आहे हे मुलगा पहिल्या भेटीत सांगणार नाही. सीपीआरमध्ये नेताना एक ओळखीचा माणूस सोबत असू द्या, केसपेपरच्या रांगेत त्याला एकटं उभं करू नका. समुपदेशकाकडे तो जे बोलतो ते हजेरीच्या वहीत येऊ नये.

मुलगा आला नाही तर काय करायचं, हेही आधी लिहून ठेवा. पहिल्या दिवशी घरी फोन. दुसऱ्या दिवशी मामाला किंवा वस्तादाला. मग घरी जाऊन या, आणि त्याच दिवशी पीओंना लेखी कळवा. पोलीस ठाण्यात फोन करायची घाई नको. साध्या वेशात का होईना, पोलीस दारात आले की शेजारी दार उघडून बघतात आणि पुढचे तास पूर्ण करून घेणं आणखी अवघड होतं. आजारी पडला, परीक्षा आली, घरात मयत झाली तर ते तास पुढे कसे भरून काढायचे याची परवानगी पीओंमार्फत घ्या, परस्पर वहीत भरू नका. दयेपोटी भरलेला खोटा तासही खोटाच, आणि तो उघडा पडला की बोर्ड पुढच्या मुलाला तुमच्याकडे पाठवत नाही.

शेवटच्या आठवड्याची तयारी पहिल्याच आठवड्यात करा. अहवालाचा मसुदा तेव्हाच सुरू करून ठेवा. मुलगा अठराच्या जवळ असेल आणि बालगृहात किंवा विशेषगृहात राहिलेला असेल, तर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे. त्यासाठीचा अर्ज बाल संरक्षण कक्षात वाढदिवसाच्या आधी पोचायला हवा, नंतर धावपळ होते. नोकरीसाठी किंवा पासपोर्टसाठी पुढे काय सांगावं लागेल, ही भीती घरच्यांच्या मनात असते. प्रकरण निकाली निघालं असेल तर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी त्या मुलाची नोंद उघड करायची नाही, असं कलम ७४ मध्येच आहे. हे त्यांना विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांकडून ऐकवा, आपल्या तोंडून ऐकलं तर खरं वाटत नाही.

तास पूर्ण झाले की वहीची प्रत जोडून अहवाल पीओंकडे द्या आणि तारखेसह पोच घ्या. आदेशाची प्रत, पत्ते, फोन नंबरांचा तो कागद, जे काही तुमच्याकडे साठलं असेल ते त्याच दिवशी त्यांच्याकडे परत करा. संस्थेच्या संगणकावर आणि देखरेख करणाऱ्याच्या मोबाईलवर काही राहिलं आहे का, तेही बघून काढून टाका.