घरी ऑफिस थाटताना या चुका टाळा (आधी टेप, मग ऑर्डर)

सेल लागला की लोकं आधी खुर्ची मागवतात, मग टेबल किती उंच आहे ते बघतात. अरे बाबांनो, शिवणाच्या डब्यातली टेप काढायला काय जातं?

शेजारच्या पोराचंच घ्या. वर्क फ्रॉम होम लागलं, लगेच 14 हजारांची लाल-काळी गेमिंग चेअर. टेबल मात्र घरातलं डायनिंगचं, 30 इंची. खुर्ची खाली घेतली की खांदे कानाला, वर घेतली की पाय लोंबकळतायत. महिन्याभरात मान धरली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून लॅपटॉप स्टँड घेतला पण कीबोर्ड नाही घेतला, त्यामुळे साहेब हात वर करून असे टाइप करायचे जणू भिंतीला चुना लावतायत. वर मलाच विचारतो, काका अजून भारी खुर्ची घेऊ का?

कोपर काटकोनात ठेवलं की टेबलाच्या लेव्हलला आलं पाहिजे, खुर्ची तेवढी वर करायची, पाय टेकत नसतील तर खाली जेवायचा पाट. लॅपटॉपखाली जुने दिवाळी अंक, स्क्रीनची वरची कड डोळ्यांसमोर येईपर्यंत. वायरवाला कीबोर्ड-माऊस हजाराच्या आत येतो, तो हवाच. खुर्ची मी सेकंडहँडच घेतो, बंद पडलेल्या ऑफिसांचा माल चांगला असतो, फक्त पूर्ण वर करून दुकानातच दहा मिनिटं गप्पा मारत बसा. हळूहळू खाली जायला लागली तर गॅस लिफ्ट, म्हणजे खुर्ची वर-खाली करणारा खालचा दांडा, गेलीये, उठा.

दुसरं, लाइट गेल्यावरचं नेट. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते हे शेंबड्या पोरालाही माहितीये, तरी कॉल गुरुवारीच. मेव्हण्याने राउटरला छोटा यूपीएस लावला, लाइट गेली, वायफायचे दांडे फुल्ल आणि नेट शून्य. कस्टमर केअरवाल्याशी अर्धा तास भांडला. मी जाऊन बघतो तर फायबरची वायर जिथे येते तो डबा, ओएनटी, टीव्हीमागे बंद पडलेला! दोन डबे वेगळे असतील तर बॅकअप दोघांना लागतो. आणि यूपीएस घेण्याआधी दोन्ही डब्यांच्या अ‍ॅडॉप्टरवरचं व्होल्टेज वाचा, बहुतेक 12 असतं पण 9 चेही असतात, पिन बसली म्हणून चालतंच असं नाही. ओएनटी चालू आहे आणि एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागलाय, तरच कंपनीला फोन लावा.

बाकी किरकोळ. खिडकी पाठीमागे नको, कॉलवर तोंड काळं दिसतं. डेस्क राउटरजवळ असेल तर लॅन केबल टाका, रिपीटरच्या नादी लागू नका. माइक वायरवाल्या इअरफोनचाच बरा. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडायचं नाही, आणि चहाची किटली 1500 वॅटची असते, ती 6 अँपिअरच्या बोर्डावर तर अजिबातच नाही. लॅपटॉपच्या मेटल बॉडीला हात लावला की मुंग्या येत असतील तर तीन पिनचं दोन पिन करणारा तो कन्व्हर्टर आधी फेका, तरी थांबलं नाही तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग चेक करून घ्या.