आधी उचला, मग समजवा: रडणाऱ्या लेकराजवळ काय करावं

लेकरू रडायला लागलं की कशामागून काय करायचं, हे मी बायबलमधल्या उत्पत्तीच्या २१व्या अध्यायातून घेतलं आहे. बैर-शेब्याच्या रानात मसकेतलं पाणी संपलं, तेव्हा अब्राहामाच्या घरातून काढून दिलेल्या हागार या दासीने आपल्या मुलाला झुडपाखाली टाकलं आणि स्वतः बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसली. त्याचं मरण तिला बघवत नव्हतं. तिथे देवाने मुलाचा आवाज ऐकला. मग त्याच्या दूताने आईला विचारलं, तुला काय झालं? मग, भिऊ नकोस. मग, ऊठ, मुलाला उचल, त्याला हाताशी घट्ट धर. पाण्याची विहीर तिला दिसली ती यानंतर.

मिरजेला मिशन हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात मी बरीच वर्षं नर्स होते. आता आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडेस्कूलचा शिशुवर्ग घेते. तान्ह्या बाळापासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना हाच क्रम लागू पडतो. आपल्या घरांत बहुतेक वेळा उलट चालतं. आधी ‘गप्प बस’, मग उपदेश, आणि फारच झालं तर कडेवर घेणं.

देव दूताकरवी आधी आईशी बोलला, म्हणून मीही आईपासून सुरुवात करते. तुमचे हात थरथरत असतील, राग डोक्यात गेला असेल, तर त्या क्षणी बाळाला उचलू नका. त्याला सपाट गादीवर पाठीवर झोपवा, उशी, दुलई, खेळणी बाजूला काढा, आणि पाच मिनिटं शेजारच्या खोलीत जा. तोंडावर पाणी मारा. ‘प्रभू, मला धीर दे’ एवढी प्रार्थना पुरे. जाऊबाई, सासूबाई, नवरा, जे कोणी घरात असेल त्याला हाक मारा. यात लाजण्यासारखं काही नाही. बाळाला गदगदा हलवणं मात्र कधीही नाही, गंमत म्हणूनही नाही. त्याची मान कच्ची असते, आणि तशा झटक्याने मेंदूत रक्तस्राव होतो. आणि तुम्हाला स्वतःलाच बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही रोज रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर पाळकांना प्रार्थना करायला सांगा आणि डॉक्टरांकडेही जा. औषध घेतल्याने विश्वास उणा होत नाही. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता.

आता उचला. छातीशी धरा, कातडीला कातडी लागू द्या, हळू आवाजात एखादं गीत गुणगुणा. उचलल्याने बाळ लाडावतं असं आजी म्हणतील. त्यांचा मान राखा, पण बाळाला खाली ठेवू नका. पहिल्या काही महिन्यांचं बाळ हट्ट करतच नाही. रडण्याखेरीज त्याच्याकडे सांगायचं दुसरं साधनच नसतं.

मग विहीर शोधा, म्हणजे कारण. भूक, ओलं दुपटं, ढेकर अडकलेली, उकाडा, अंगडं काचत असेल, नाहीतर पाहुण्यांच्या हातांत फिरून दमलेलं. हे सगळं बघूनही रडणं थांबत नसेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळं सगळ्यात जास्त रडतात, तेही संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांत ते ओसरतं. या काळात घरातली माणसं आईला छळतात. दूध पुरत नाही म्हणतात, दृष्ट लागली म्हणतात. ख्रिस्ती घरांतही मीठ-मिरच्या ओवाळताना मी पाहिल्या आहेत. बाळ नीट ओढतंय, वजन वाढतंय, दिवसातून सहा-आठ वेळा लघवी करतंय, तर दूध पुरतंय. सहा महिन्यांपर्यंत गुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर काही नको. मध तर वर्षापर्यंत अजिबात नको, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, पिणं बंद, अंग सैल पडणं, किंवा कधी नाही असं किंचाळत रडणं, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. प्रार्थना रिक्षात बसून करा.

दोन-तीन वर्षांच्या मुलाचं रडणं वेगळं असतं. त्याला हवं असतं बरंच, आणि बोलता येतं थोडं. दुकानात चॉकलेटसाठी ते फरशीवर लोळतं तेव्हा चारचौघांत आपली अब्रू जाते असं वाटतं, आणि त्या लाजेपोटीच हात उगारला जातो. खाली बसा, त्याच्या उंचीला या, आणि म्हणा, ‘तुला ते हवं होतं. मिळालं नाही म्हणून राग आला. मी इथेच आहे.’ चॉकलेट देऊ नका. जवळ घेणं आणि नकार, दोन्ही एकाच वेळी करता येतात. समजावणं, माफी मागायला लावणं, हे सगळं अर्ध्या तासाने, पोट भरल्यावर. रडण्याच्या भरात मुलाच्या कानात शब्द शिरत नाहीत. मेलेल्या लाजराला उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी लाजराची बहीण मरीया हिला रडताना पाहून तो आधी रडला.

इथे हमखास कोणीतरी नीतिसूत्रांतलं, मुलाला छडीने शिस्त लावायला सांगणारं वचन काढतं. वचन आहेच, मी ते पुसून टाकत नाही. शिस्त हवी, आणि ती रोज हवी. पण तेच शास्त्र स्तोत्र २३ मध्ये म्हणतं, ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’. आपल्याकडचे धनगर काठी कशाला वापरतात ते बघा: मेंढरू वळवायला, लांडगा हाकलायला. आणि बापांनी आपल्या मुलांना चिरडीस आणू नये, ती खिन्न होतात, हेही कलस्सैकरांस पत्रात लिहिलं आहे. ते वडीलमंडळींना वाचून दाखवा. रडतं म्हणून मुलाला मारू नका, कधीच नाही. दुखलं म्हणून रडणाऱ्याला आणखी दुखवून तो काय शिकणार?

दुसरी गोष्ट मला फार टोचते. ‘येशू बघतोय हं, रडलास तर तो तुझ्यावर प्रेम करणार नाही.’ बागुलबुवा, पोलीस, इंजेक्शनवाली बाई, या धमक्याही नकोतच, पण प्रभूला त्या रांगेत उभं करू नका. शिष्य मुलांना अडवत होते तेव्हा तो शिष्यांवर रागावला, मुलांवर नाही. मुलांना त्याने कवटाळलं.

प्रार्थना मुलावर नको, मुलासोबत करा. ‘देवा, याला शहाणपण दे, हा फार हट्टी झालाय’ हे मोठ्याने म्हणणं म्हणजे देवाच्या आडून रागावणंच. मुलाला ते कळतं. पाठीवर हात ठेवून दोन ओळी पुरतात: ‘प्रभू येशू, बाळाला फार वाईट वाटतंय. तू आमच्याजवळ राहा.’ डोळे मिटायला लावू नका, हात जोडायची सक्ती नको. आमेन त्याने म्हटलं तर ठीक, नाही म्हटलं तरी ठीक.

उपासनेतलं रडणं हा तरुण आयांचा मोठा घोर. मागे वळून बघणाऱ्यांमुळे कित्येक जणी मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत मंडळीत येणंच सोडतात, हे मला बरं वाटत नाही. दाराजवळच्या बाकाच्या कडेला बसा. उपासनेआधी पाजून किंवा खाऊ घालून घ्या; पिशवीत दुपटं, पाण्याची बाटली, कापडी खेळणं असू द्या, चावी किंवा खुळखुळा नको. रडू वाढलं तर व्हरांड्यात घेऊन जा, आणि शांत झालं की पुन्हा आत या, बाहेरच थांबून राहू नका. एका रविवारी आई बाहेर गेली तर पुढच्या रविवारी बापाने जावं.