साखर कंपन्यांचे शेअर पडलेत: ठेवायचे की काढायचे?

कोल्हापुरात ‘कारखान्याचा शेअर’ म्हटलं की आधी सभासदत्व आठवतं. ते बाजूला ठेवा. तो शेअर बाजारात विकला जात नाही. इथे प्रश्न डीमॅट खात्यातल्या साखर कंपन्यांचा आहे.

आधी कागद-पेन घ्या. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागे 355 रुपये. म्हणजे किलोभर साखरेत नुसता ऊसच 34.63 रुपयांचा. उतारा 12 टक्के असला तरी दर त्याच प्रमाणात चढतो, आकडा तोच राहतो. पहिली उचल (शेतकऱ्याला उसाचा मिळणारा पहिला हप्ता) एफआरपीच्या वर ठरली, तर तो आणखी वाढतो. त्यात प्रक्रिया खर्च आणि व्याज मिळवा, बगॅस (उसाचा चोथा), वीज, मळी, इथेनॉलची कमाई वजा करा. साखरेचा कारखाना-दर याच्या खाली असेल तर कंपनी तोट्यात विकतेय.

मग कर्ज. मार्चअखेर गोदामं भरलेली, म्हणून कर्जही फुगलेलं दिसतं. सप्टेंबरचा ताळेबंद मागच्या सप्टेंबरशीच ताडा. तिथेही कर्ज वाढत असेल आणि उसाची बिलं 14 दिवसांत निघत नसतील, तर दर सुधारायची वाट न बघता विका. कर्ज आटोक्यात, डिस्टिलरी चालू, फक्त साखरेचा दर पडलेला, तर ठेवायला हरकत नाही.

कमी पी-ई (शेअरचा भाव त्याच्या वाट्याच्या नफ्याच्या किती पट) बघून भुलू नका. असल्या चढउताराच्या धंद्यात नफा शिखरावर असतानाच शेअर सर्वांत स्वस्त दिसतो.

शेअर घेऊन बारा महिने पूर्ण व्हायला आठवडा उरला असेल तर कमी करासाठी तेवढं थांबा. नफा असेल तरच, अर्थात.